तानबाची बुर्जी

माझ्या बापानं आजवर कोणाकोणाला मारलं ती यादी मला तोंडपाठ आहे. मी कारंज्याला सेतू केंद्रावर बसते आणि दिवसभर लोकांची प्रतिज्ञापत्रं शुद्ध मराठीत टाइप करते, म्हणून हेही जमेल तेवढं शुद्ध सांगते. राग आला की आमची बोली बाहेर पडेल, त्याला माझा इलाज नाही.

तर यादी. एक राजस्थानी ट्रक ड्रायव्हर, दोन दात. वीज कापायला आलेला लाइनमन, त्याला खांबावरून उतरू दिलं आणि मग धरलं. माझा सख्खा मामा, भर लग्नात, वाढपी लोकांसमोर. दूध डेअरीवाला योगेंद्र, त्याचं सविस्तर पुढं येईलच. आणि माझी माय रुखमा. ती यादीत पहिलीही आहे आणि शेवटचीही.

बापाचं नाव तानबा मडावी. नागपूर-अमरावती हायवेवर त्याचं पाटे ठोकायचं काम. ट्रकच्या चाकावर लोखंडी पाट्यांचा जुडगा असतो, सगळा भार त्याच्यावर. त्यातला एखादा मोडला किंवा बसला की तो भट्टीत लाल करायचा, घनानं ठोकून पुन्हा वाक द्यायचा आणि बसवायचा. पंचवीस वर्षं हा माणूस रोज घन मारतो आहे. शेजारचे ढाबेवाले म्हणायचे, चला बरं आहे, राग लोखंडावर निघून जात असेल. कुठचं काय! लोखंडावर त्याचा हात फक्त गरम व्हायचा, आणि मग तो घरी यायचा.

एवढ्या माणसाला शांत बसवणारी एकच गोष्ट होती, बुद्धिबळ. हसू नका. माझा आजा पुनाजी जंगल खात्याच्या लाकूड डेपोवर चौकीदार होता. तिथल्या मुनशीकडून तो खेळ शिकला, आणि सागवानाच्या फळीवर कोळशानं घरं आखून, ढलप्यांचे मोहरे करून त्यानं तो बापाला शिकवला. आजा घरात गोंडी बोलायचा, पण पटावर बसला की शह आणि मात मराठीतच. त्यांचा खेळ जुना, गावठी. प्यादं एका वेळी एकच घर चालायचं. राजाला शह बसायच्या आधी एकदा घोड्यासारखी उडी मारायची मुभा होती. आणि सगळ्यात मोठा नियम म्हणजे बुर्जी.

समोरच्याकडे राजा सोडून एकही मोहरा उरला नाही, की डाव जागच्या जागी थांबवायचा. कोणी जिंकलं नाही, कोणी हरलं नाही. एकट्या राजावर हात टाकायचा नाही. ज्यानं त्याला उघडं केलं, त्यानं तंबाखू मळायची आणि पहिली चिमूट समोरच्याला द्यायची. म्हणून ज्याला जिंकायचं असेल तो समोरच्याचं एखादं प्यादं मुद्दाम जिवंत ठेवायचा आणि ते असतानाच मात करायचा.

बाप दहा वर्षांचा असताना जिंकायच्या भरात त्यानं हा नियम मोडला. आजाच्या उघड्या राजाला शह दिला. आजानं पटाची फळी उचलली आणि त्याच्या बोटांवर घातली. करंगळी मोडली. ती अजून वाकडी आहे, घन धरताना बाहेर निघते. एकट्याला मारू नये हे शिकवायला आजानं पोराचं बोट मोडलं, असे आमच्या घरचे धडे. बापानं तो धडा पटापुरता जन्मभर पाळला आणि पटाबाहेर एक दिवससुद्धा नाही.

आता योगेंद्र. आठ वर्षांपूर्वी गणपतीत कारंज्याच्या एका मंडळानं बुद्धिबळाची स्पर्धा ठेवली. मी चौदा वर्षांची होते, मांडवात पहिल्या रांगेत बसले होते. बापासमोर आला योगेंद्र, नागपूरला शिकून आलेला, डेअरीचा मालक. त्यानं पहिल्याच चालीत प्यादं दोन घरं पुढं टाकलं. बापानं आपलं एकच घर सरकवलं. दुसरं प्यादंही दोन घरं. बाप म्हणाला, घर चुकलं तुमचं. योगेंद्रनं हसून तिसरं प्यादंही दोन घरं ढकललं आणि म्हणाला की सगळ्या दुनियेत असंच खेळतात, जंगलातले नियम जंगलात ठेव.

त्या डावात तेवढ्याच चाली झाल्या. बाप कामावरून तसाच आलेला, खिशात पाना होता. तो त्यानं योगेंद्रच्या जबड्यावर हाणला. पहिल्या फटक्यात माणूस खुर्चीसकट मागं पडला, दुसरा फटका पडलेल्यावर होता. माझ्या फ्रॉकवर रक्ताचे थेंब उडाले, ते मायनं मीठ लावून धुतले तरी गेले नाहीत. योगेंद्रच्या जबड्यात स्टीलची पट्टी टाकावी लागली. बाप एकोणीस दिवस आत होता. सुटून आला त्या दुपारी मायनं एवढंच विचारलं, काऊन मारलं त्याले? तर तिला मारलं. जेवणाचं ताट अजून समोर होतं.

मग मी त्याला नवे नियम शिकवले. कोणासाठी नाही, आमच्याच जिवासाठी. मला वाटलं, नियम कळले तर निदान पटावरची मारामारी थांबेल. फोनवर पाहून एकेक नियम सांगायची. प्यादं पहिल्यांदा दोन घरं जाऊ शकतं. राजाची उडी बंद, त्याऐवजी राजा हत्तीच्या आड जाऊन बसतो, त्याला कॅसलिंग म्हणतात. हात लावला तो मोहरा चालवायचाच. दर नियमाला तो दात-ओठ खायचा. एकदा फोन भिंतीवर फेकला, काच माझ्या कपाळात घुसली. पण शिकला. फोनवरच्या नियमांच्या यादीत होतं ते सगळं शिकला.

आणि मागच्या फेब्रुवारीत मायचं मनगट. पट मांडलेला होता, झाडता झाडता तिचा धक्का लागला आणि मोहरे पडले. त्यानं तिचा हात धरून पिळला. वाळकी काडी मोडावी तसा आवाज आला. माय ओरडली नाही, खाली बसली फक्त. माह्या तळपायाची आग मस्तकात गेली. चुलीजवळची सांडशी उचलली अन् घातली त्याच्या पाठीत, दोनदा. तिसऱ्यांदा मायनंच माझा हात धरला, चांगल्या हातानं. बाप तसाच उभा होता, मार खात. मला तेव्हा फार बरं वाटलं होतं, खोटं कशाला बोलू.

प्लास्टर घालून माय समुद्रपूरला मामाकडे निघून गेली. जाताना दारात उभी राहून बोलली, आणि आवाज अजिबात चढवला नाही.

"एक वर्ष या घरात हात उठला नाई पाह्यजे. नाई उठला तर मी येईन. उठला तर मले बोलवासाठी येऊ नका."

ती बापाकडे पाहून बोलत होती असं मला वाटलं.

ते वर्ष मी पाहिलं आहे. एक ड्रायव्हर त्याच्या तोंडावर थुंकला, कारण पाटा पुन्हा बसला होता. बाप भट्टीमागं गेला आणि थंड लोखंडावर घन मारत राहिला, इतका की दांडा तुटला. मग त्यानं एक युक्ती काढली. हात शिवशिवले की खाली बसायचं आणि दोन्ही तळवे मांड्यांखाली घालायचे. हायवेवरची पोरं हसायची. तो तासतास तसा बसायचा, मानेच्या शिरा तट्ट फुगलेल्या. मी शेजारी खुर्ची टाकून डोळ्यांत तेल घालून पहारा द्यायची. माय घरी यावी एवढंच मला पाहिजे होतं. बाकी त्याचं काय व्हायचं ते होवो.

वर्ष पुरं व्हायला चार दिवस असताना वर्ध्याला जिल्ह्याची खुली स्पर्धा आली. त्याचं नाव मीच घातलं. मायला फोन केला, तर म्हणाली, मीही येतो, डोळ्यानंच पाहतो. रविवारी सकाळी समुद्रपूरच्या एसटीनं ती वर्ध्याला उतरली. सोबत डबा, आणि एक कपड्यांची पिशवीही होती. ती पिशवी पाहून माझा जीव भांड्यात पडला, कारण घरी यायचं नसतं तर तिनं कपडे कशाला आणले असते?

बापानं पहिले चार डाव बरे काढले. पाचव्या, शेवटच्या फेरीचा कागद भिंतीवर लागला आणि मी तो दोनदा वाचला. तानबा मडावी विरुद्ध योगेंद्र. पंच होते प्रभाकरराव, निवृत्त मास्तर. त्यांना जुनं प्रकरण माहीत होतं. त्यांनी बापाला बाजूला घेऊन विचारलं की जमेल ना? बाप म्हणाला, जमन. मी त्याचे खिसे तपासले. पाना नव्हता, तंबाखूची डबी होती.

योगेंद्रचे मोहरे पांढरे. त्यानं पहिलं प्यादं दोन घरं टाकलं. बापानं एक घोडा बाहेर काढला. दुसरं दोन घरं, बापाचं एकच. तिसरं हातात धरून तो थांबला, बापाकडे पाहिलं, स्वतःच्या जबड्यावरून बोट फिरवलं आणि मग दोन घरं टाकलं. मुद्दामच. हॉलमधली कारंज्याची माणसं खुर्च्यांवरून उठली. बापानं दोन्ही हात मांड्यांखाली घातले. घड्याळ चालू होतं, तरी तो तसाच बसला. मग एक हात काढून त्यानं राजाकडच्या घोड्यापुढचं प्यादं एकच घर सरकवलं आणि पुढच्या चालीला त्या भोकात उंट बसवला.

नवे नियम येत असूनही त्यानं आजाचीच मांडणी केली. प्यादी एकेक घर, मध्ये समोरच्याला खुशाल भिंत बांधू द्यायची, आणि कोपऱ्यातला उंट तिरपा रोखून धरायचा. प्रभाकरराव माझ्या कानाशी कुजबुजले की पुस्तकात या सुरुवातीला इंडियन म्हणतात, मोठमोठे खेळाडू खेळतात. माझा आजा आयुष्यभर डेपोवर हेच खेळला, त्याला कोणी काही म्हटलं नाही.

योगेंद्रनं प्यादं रेटून बापाच्या घोड्यावर आणलं. घोडा मागं जाईल असं सगळ्यांना वाटलं. बापानं तो मागं घेतला नाही, मधल्या प्याद्यावर घातला आणि मरू दिला. त्याच्या बदल्यात दोन प्यादी खाल्ली, भिंत फुटली, आणि कोपऱ्यातल्या उंटाला थेट पलीकडच्या हत्तीपर्यंत वाट मोकळी झाली. त्यानंतरचा तासभर नुसती कापाकापी. बाप मोहरा उचलून असा आदळायचा की शेजारच्या पटावरचे मोहरे हलायचे. हत्ती गेला, वजिरावर वजीर कापला गेला, योगेंद्रच्या गालावर घाम आणि बापाच्या नाकपुड्या फुललेल्या. मारताना तो जसा दिसतो अगदी तसा दिसत होता. मायनं पदर तोंडात धरला होता. मला मात्र आनंद होत होता. मार, बाबा, म्हणत होते मनात, अजून मार.

शेवटी पटावर उरलं काय, तर बापाकडे राजा आणि एक हत्ती. योगेंद्रकडे राजा आणि एकच प्यादं. ते प्यादं वजीर व्हायला एक घर बाकी, पण बापाचा हत्ती त्याच्यावर रोखलेला आणि जवळ वाचवायला कोणी नाही. खायचं की झालं, मग हत्तीनं एकट्या राजाला कडेला नेऊन मात करायची, फोनवर मी हे कितीदा पाहिलं होतं. पण बाप खाईना. पाच मिनिटं झाली, दहा झाली. घड्याळात वेळ संपत आली तरी तो त्या प्याद्याकडे बघत बसला. मला कळेना हा कशाला थांबला आहे. तोंडावर पराभव दिसत होता त्याच्या.

मग त्यानं मोठा श्वास सोडला, हत्ती उचलला, प्यादं खाल्लं. आणि हात पुढं केला.

"बुर्जी झाली," तो म्हणाला. "बरोबरी."

योगेंद्र आधी गोंधळला. पटाकडे पाहिलं, हाताकडे पाहिलं. आणि मग लगेच हात धरला. प्रभाकरराव धावत आले, दोघांना विचारलं, बरोबरी मान्य? योगेंद्र म्हणाला मान्य. बापही म्हणाला मान्य, आणि खिशातून तंबाखूची डबी काढायला लागला. अर्धा-अर्धा गुण लिहून दोघांच्या सह्या झाल्या.

मी ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही. प्रभाकररावांनी बापाला हळू समजावून सांगितलं की या खेळात बुर्जी नसते. तुमचा हत्ती होता, दहा-पंधरा चालींत मात होती, पण तुम्हीच बरोबरी मागितली आणि समोरच्यानं दिली, आता काही करता येत नाही. बाप माझ्याकडे वळला आणि विचारलं, तू तर नाई सांगतलं?

काय सांगणार होते मी? जे नियम आहेत ते शिकवले होते. जो नाहीच तो कोणत्या यादीत असतो? प्यादं दोन घरं जातं हे लिहिलेलं असतं, एकट्या राजाला खुशाल मारा हे कोणी लिहीत नाही. ते प्यादं सोडलं तर त्याचा वजीर होतो आणि खाल्लं तर आपला विजय जातो, म्हणून तो दहा मिनिटं तडफडत होता, आणि तरी त्यानं नियम पाळला होता.

योगेंद्र उठला. एवढं फुकट मिळालं होतं तर गुपचूप जायचं ना! पण नाही. जबड्यावरून पुन्हा बोट फिरवलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला.

"आठ वर्षं झाली, पण जंगली तो जंगलीच राह्यला."

अख्ख्या हॉलनं बापाच्या हातांकडे पाहिलं. डबी टेबलावर पडली होती. दोन्ही मुठी आवळलेल्या होत्या, ती वाकडी करंगळी तेवढी बाहेर. मायनं पिशवीचे बंद मुठीत आवळले. बाप खुर्चीत बसला आणि त्यानं हात मांड्यांखाली घातले. चार दिवस राहिले होते आणि त्यानं हात मांड्यांखाली घातले.

आणि मी मारलं.

उघड्या हातानं नाही, मूठ आवळून. त्याच जबड्यावर, जिथं पट्टी आहे तिथं. चष्मा उडाला. तो टेबलावर आपटला, मोहरे खाली सांडले, त्याच्या ओठातून रक्त आलं. मी दुसरा हाणला. कानशिलावर बसला. कोणाले म्हणते बे जंगली, कोणाले म्हणते, असं ओरडत मी तिसऱ्यासाठी त्याची कॉलर धरली, आणि खरं सांगते, बरं वाटून राह्यलं होतं, तितकंच बरं जितकं सांडशीच्या दिवशी वाटलं होतं. मागून माझं मनगट कोणीतरी धरलं. बापानं. पण पिळलं नाही, धरलं फक्त.

"सोड, समीक्षा. उघडा हाय तो. उघड्याले मारत नाई."

मी पाहिलं तर योगेंद्र टेबलाखाली उकिडवा बसला होता, दोन्ही हात डोक्यावर, डोळे घट्ट मिटलेले. आठ वर्षांपूर्वी मांडवातही तो असाच पडला होता. मी कॉलर सोडली.

प्रभाकररावांनी आम्हाला बाहेर काढलं. योगेंद्र पायऱ्यांवर तोंडाला रुमाल लावून बसला. पोलिसांत जातो म्हणाला नाही, जात नाही असंही म्हणाला नाही. बाप त्याच्या खालच्या पायरीवर बसला, तळहातावर तंबाखू घेतली, चुना लावला आणि बराच वेळ मळत राहिला. मग पहिली चिमूट त्याच्यापुढं धरली. योगेंद्रला ती तोंडात टाकता येईना. त्यानं ती घेतली मात्र, आणि मुठीत धरून बसला.

मग आम्ही तिघं एसटी स्टँडवर आलो. मी मायची पिशवी घ्यायला हात पुढं केला. तिनं दिली नाही. माझ्या हाताकडे बघत होती. बोटांच्या गाठी सुजल्या होत्या, एकीवर योगेंद्रचा दात लागला होता.

मी म्हटलं, "माय, बाबानं नाई मारलं. तू पाह्यलं ना, वर्षभर नाई मारलं त्यानं."

"पाह्यलं," माय म्हणाली. "त्याचा हात पाह्यला अन् तुहाही पाह्यला. मी हात उठन त्या घरात येत नाई, मंग तो कोणाचाही असो. त्याचं वर्ष झालं. आता तुह्यं आजपासून."

मला वाटलं, बाप काही बोलेल. माझी बाजू घेईल, नाहीतर तिला अडवेल तरी. त्यानं मायचा डबा तिच्या पिशवीत ठेवला आणि समुद्रपूरची गाडी कुठं लागते ते कंट्रोलरला विचारून आला. माय चढली. मोडलं होतं ते मनगट दांड्याला धरताना तिनं दुसऱ्या हातानं सावरलं. खिडकीतून तिनं आमच्याकडे पाहिलं नाही.

गाडी गेली. आमची कारंज्याची एसटी यायला वेळ होता. मला रडू येत होतं आणि रागही येत होता, बापाचा, मायचा, योगेंद्रचा, सगळ्या दुनियेचा. समोर एक पानवाला आमच्याकडे बघून कोणाशी तरी हसत होता आणि माझी मूठ आपोआप आवळली. बापाला ते दिसलं. तो बाकावर थोडा सरकला, मला जागा करून दिली.

"मांडीखाली घाल," तो म्हणाला. "दोन्ही."

मी घातले. बाकाचं लोखंड टोचत होतं, सुजलेल्या गाठी ठणकत होत्या. शेजारी त्याचेही हात मांड्यांखाली होते. कारंज्याची गाडी येईपर्यंत आम्ही तसेच बसून राहिलो.